प्लास्टर वाळत नाही, सेट होते

गणपती आणि गुलाबाईच्या मूर्तींचे काम सुरू झाले की जळगाव-भुसावळकडे एक समजूत हमखास कानावर पडते : प्लास्टर ऑफ पॅरिस मातीसारखेच वाळून घट्ट होते, म्हणून साचा लगेच उन्हात ठेवावा. ही समजूत चुकीची आहे.

शाडूतील किंवा कागदाच्या लगद्यातील पाणी हवेत उडून जाते, म्हणूनच त्या मूर्ती वाळताना आकसतात. प्लास्टरचे तसे नाही. जिप्सम हे खनिज सुमारे 150 अंश सेल्सिअसला भाजून त्यातील पाऊण हिस्सा पाणी घालवले की प्लास्टरची भुकटी मिळते. तिच्यात पाणी मिसळताच ते स्फटिकांत बांधले जाऊन तिचे पुन्हा जिप्सम बनते, आणि सुईसारखे ते स्फटिक एकमेकांत गुंतल्याने मिश्रण दगडासारखे होते. या क्रियेत उष्णता बाहेर पडते; भर सावलीतही साच्याला तळहात लावून पाहावा, साचा आतून तापलेला जाणवतो.

उन्हाची गरज नंतर, रंगकामाआधी उरलेली ओल घालवण्यापुरती. वैशाखातील खानदेशी उन्हात पातळ थराचे पाणी आधीच उडाले, तर सेट होणे अर्धवट राहून पृष्ठभाग भुसभुशीत होतो. घमेल्यात घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पाणी ओतून ते पुन्हा वापरणेही तितकेच चुकीचे, कारण ढवळताना गुंतलेले स्फटिक तुटतात.

ठसा घेण्यासाठी मुलांचा हात प्लास्टरच्या भांड्यात मात्र कधीही बुडवू देऊ नये. जाड थरातील उष्णतेने गंभीर भाजते.