क्रोमोडोरिस ॲनी

पश्चिम प्रशांत महासागराच्या उष्ण पाण्यातील प्रवाळखडकांवर आढळणारी, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या समुद्रात डुबी मारणाऱ्यांना ती हमखास दिसते. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ बर्ग यांनी १८७७ मध्ये तिचे वर्णन केले. बर्ग पेशाने कोपनहेगनमधले गुप्तरोगांचे डॉक्टर. गोगलगायी हा त्यांचा दुसरा संसार.

लांबी जेमतेम ३ ते ५ सेंटीमीटर. निळी पाठ, तिच्यावर काळ्या रेघा, कडेने नारिंगी-पिवळा पट्टा, आणि डोक्यावरची गंध घेणारी दोन शिंगे व पाठीवरचा कल्ल्यांचा तुरा नारिंगी. एवढ्यावरून नाव ठरवले तर मात्र फसगत होते, कारण हाच पेहराव तिच्या भावंडांचाही आहे. खरी खूण निळ्या भागात असते: जवळून पाहिले की तिथे बारीक गडद ठिपके शिंपडल्यासारखे दिसतात. क्रोमोडोरिस एलिसाबेथिनामध्ये ते नसतात, उलट निळ्यावर बारीक काळ्या रेघा अधिक असतात. क्रोमोडोरिस लोची आणि क्रोमोडोरिस विलानी यांना नारिंगी काठच नसतो. त्यातही विलानीच्या शिंगांवर व कल्ल्यांवर पांढरे कण असतात, लोचीच्या नाहीत. काही चपटे कृमीही असेच रंगीत असतात, पण त्यांच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा नसतो.

या सारखेपणाचे मूळ विषात आहे. या गोगलगायी स्पंज (समुद्रतळाला चिकटून राहणारे साधे प्राणी) खातात आणि त्यातले लॅट्रनक्युलिन ए हे विष अंगाच्या कडेला साठवतात. पेशींचा सांगाडा ज्या ॲक्टिन प्रथिनाचा बनतो, त्याची जुळणीच हे विष रोखते. भडक रंग ही माशांना दिलेली ताकीद. अनेक विषारी जातींची ताकीद एकच असली, की माशाने एकीला तोंड लावून घेतलेला धडा सगळ्यांच्या कामी येतो. म्हणून एकाच भागात राहणाऱ्या वेगळ्या जाती एकमेकींसारख्या दिसू लागतात, तर एकच जात दोन ठिकाणी दोन रूपांत सापडते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने नेमके हेच दाखवले. तेव्हा वरचे ठिपके उपयोगी खरे, पण अनोळखी बेटावर काढलेल्या एकट्या फोटोवरून ठामपणे जात सांगणे धाडसाचेच.