समुद्र मुंबईची हवा धुऊन काढतो का?

‘मुंबईला समुद्र आहे, त्यामुळे दिल्लीसारखे प्रदूषण इथे होणार नाही,’ हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो अर्धाच खरा आहे. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे धूर आणि धूळ पांगवतात. परंतु रात्री वारा उलट फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि हिवाळ्यात जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार थर झाकणासारखा बसल्याने वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ, माहुल परिसरातील कारखान्यांचे उत्सर्जन व जळत्या कचऱ्याचा धूर खालीच कोंडून राहतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर शहराने कित्येक दिवस सोसला, तोही समुद्र शेजारी असतानाच.

यातील २.५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांच्या खोलवर जाऊन रक्तातही मिसळतात, आणि दमा व हृदयविकाराच्या रुग्णांना त्यांचा सर्वाधिक त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर असू नये. आपले राष्ट्रीय मानक ४० आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे आणि पाण्याची फवारणी बंधनकारक केली. माझ्या मते, खरा उपाय धूळ आणि धूर जिथे निर्माण होतात तिथेच रोखण्याचा आहे, कारण समुद्राचा वारा त्यांना नष्ट करत नाही, केवळ दुसरीकडे नेतो.