गुल्येल्मो विकारिओ : सुरुवातीची कारकीर्द

गुल्येल्मो विकारिओ (जन्म ७ ऑक्टोबर १९९६) हा ईशान्य इटलीतील ऊदिने शहरात जन्मलेला फुटबॉल गोलरक्षक. पुढे तो इंग्लंडमधील टॉटनहॅम हॉटस्पर आणि इटलीचा राष्ट्रीय संघ यांच्याकडून खेळला. परंतु अठराव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंतचा त्याचा काळ देशांतर्गत स्पर्धांच्या खालच्या पायऱ्यांवर गेला आणि गोलरक्षक म्हणून तो तेथेच घडला.

त्याचे प्रशिक्षण उदिनेझे या स्थानिक क्लबच्या युवा संघांत झाले. २०१४-१५च्या हंगामात क्लबने त्याला पोर्देनोने परिसरातील फोंतानाफ्रेद्दा या छोट्या संघाकडे उसनवारीवर पाठविले. हा संघ सेरी डी या चौथ्या स्तरावर खेळत असे. हा स्तर औपचारिकदृष्ट्या हौशी समजला जातो व त्यात प्रदेशवार नऊ गट असतात. तेथे ठरावीक जन्मवर्षांचे काही तरुण खेळाडू मैदानात ठेवण्याची सक्ती असल्यामुळे अनेक प्रशिक्षक त्यांपैकी एक जागा गोलरक्षकाला देतात. तरुण गोलरक्षकाला प्रौढांच्या सामन्यांत लवकर उभे राहायला मिळते, ते बरेचदा या नियमामुळे.

२०१५ मध्ये तो व्हेनेझियाकडे गेला. आर्थिक डबघाईनंतर हा क्लब सेरी डीमधून नव्याने सुरुवात करीत होता. त्याचे मैदान सांत एलेना बेटावर असल्याने पाहुणे संघही होडीने येतात. व्हेनेझियाने २०१६ मध्ये तिसऱ्या आणि फिलिप्पो इंझागी यांच्या मार्गदर्शनाखाली २०१७ मध्ये दुसऱ्या स्तरावर बढती मिळविली. संघ असा झपाट्याने वर चढत असताना विकारिओला मात्र थांबावे लागले. युव्हेंटसकडून उसनवारीवर आलेला एमिल आउदेरो २०१७-१८ मध्ये मुख्य गोलरक्षक होता. बचावपटू किंवा आघाडीवीर बदली खेळाडू म्हणून काही मिनिटे तरी खेळून जातो. गोलरक्षकाची जागा एकच असल्याने दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाचा अख्खा हंगाम सरावातच सरतो, आणि ही वर्षे वाया गेली असे म्हणणे त्या सरावावर अन्याय करणारे ठरेल.

२०१८-१९ मध्ये सेरी बी या दुसऱ्या स्तरावर तो मुख्य गोलरक्षक झाला. त्या हंगामात काही महिने इटलीचे माजी गोलरक्षक वॉल्तेर झेंगा हे संघाचे प्रशिक्षक होते. १९९० च्या विश्वचषकात सलग ५१७ मिनिटे गोल न स्वीकारणारे झेंगा स्वतःही तरुणपणी सालेर्निताना, सावोना अशा खालच्या स्तरावरील संघांतून वर आले होते.

२०१९ मध्ये काल्यारी या क्लबने त्याला विकत घेतले आणि लगेच पेरुजा या संघाकडे उसनवारीवर धाडले. ऑगस्ट २०२० मध्ये पेस्काराविरुद्धच्या निर्णायक लढतीत पेनल्टींवर हरून पेरुजा सेरी सी या तिसऱ्या स्तरावर घसरला. काल्यारीत परतल्यावर मुख्य गोलरक्षक अलेस्सिओ क्रान्यो याच्यामागे त्याला पुन्हा वाट पाहावी लागली. अखेर क्रान्योला कोविडची लागण झाल्याने ११ एप्रिल २०२१ रोजी सान सिरो मैदानावर इंटर मिलानविरुद्ध विकारिओ सेरी आ या सर्वोच्च स्तरावरील पहिला सामना खेळला. काल्यारी ०-१ असा हरला, पण विकारिओने केलेले बचाव लक्षात राहिले. त्याच वर्षी एंपोली या क्लबने त्याला उसनवारीवर घेऊन मुख्य गोलरक्षकाची जागा दिली. २०२३ मध्ये तो टॉटनहॅममध्ये दाखल झाला आणि २४ मार्च २०२४ रोजी, वयाच्या २७व्या वर्षी, इक्वाडोरविरुद्ध इटलीकडून प्रथमच खेळला.