गोव्यातील लोहखनिज निर्यात

गोव्याच्या पूर्वेकडील डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे व केपे या तालुक्यांतील उघड्या खाणींतून लोहखनिज काढून ते परदेशी पोलाद कारखान्यांना विकण्याचा व्यवसाय. बाहेरच्यांना गोवा म्हटले की किनारा आठवतो. जागतिक बाजाराशी गोव्याची गाठ मात्र या डोंगराळ पट्ट्याने बांधली, तीही पर्यटकांची रीघ लागण्याच्या कितीतरी आधी.

पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या हुकुमान्वये खाणींची कन्सेशने, म्हणजे खनिज काढण्याचे हक्क, दिली जात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलादासाठी खनिज हवे होते. ती मागणी, तिथून आलेली यंत्रे आणि मुरगाव बंदर यांच्या जोरावर १९५० च्या दशकात निर्यातीने वेग घेतला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण कन्सेशने तशीच राहिली. १९८७ च्या कायद्याने ती रद्द होऊन त्यांचे खाणपट्टे, म्हणजे ठरावीक मुदतीचे भाडेपट्टे, झाले. पट्टे बहुतांशी जुन्याच घराण्यांकडे राहिले. राजवट गेली तरी डोंगर गावाचा झाला नाही, हे या इतिहासातले सर्वांत बोचणारे सत्य आहे.

गोव्याचे खनिज बहुतांशी हलक्या प्रतीचे. देशातील कारखान्यांकडून त्याला फारशी मागणी नसल्याने जवळजवळ सगळा माल परदेशी जाई. तो परवडे तो जलमार्गामुळे. खाणीवरून टिप्परने (माल ओतणाऱ्या ट्रकने) नदीकाठच्या धक्क्यावर, तेथून बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू नौकेने) मांडवी वा जुवारी नदीतून मुरगावला, असा हा प्रवास. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध चढला की तिथली ये-जा थांबे आणि बार्जना कुंभारजुवे कालव्यातून जुवारीकडे वळावे लागे.

चीनची मागणी वाढली तसे गणित पालटले. पूर्वी टाकाऊ म्हणून रचून ठेवलेल्या मालालाही गिऱ्हाईक मिळू लागले आणि २०१०-११ मध्ये निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली. अनेकांनी शेती सोडून कर्जावर टिप्पर घेतले. जितक्या खेपा तितके पैसे, म्हणून प्रत्येकाची धावपळ. खाणींच्या भागातील रस्त्यांवर टिप्परांची रांग तुटत नसे. कडेच्या आंब्या-फणसाची पाने लाल, तुळशीवृंदावन लाल, दोरीवर वाळत घातलेली धोतरे-लुगडीही लाल. गावात गॅरेजे, टायरची दुकाने, चहाचे गाडे आले. मुलांची शिक्षणे झाली, घरांवर स्लॅब पडले. हे नाकारणे अन्यायाचे होईल.

पण एक टन खनिजासाठी दोन-तीन टन माती बाजूला काढावी लागते. ती डोंगरासारखी रचली जाई आणि पावसात वाहून भातशेतीत, ओहोळांत उतरे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी पंपाने उपसावे लागे. मग शेजारच्या विहिरी आटत, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) सुकत आणि झऱ्याकाठच्या वाड्यांवर टँकरची वाट पाहण्याची वेळ येई. सत्तरीतील सोनशी गावच्या लोकांनी २०१७ मध्ये धूळ आणि पाणी या प्रश्नांवर टिप्पर रोखले, तेव्हा त्यांना अटक झाली.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. शहा आयोगाचा अहवाल संसदेत आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपल्याचे न्यायालयाने सांगितले, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतील १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. या निधीमागचा विचार फार मोलाचा आहे: खनिज एकदाच काढता येते, तेव्हा त्याच्या पैशावर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे. त्यानंतर राज्य सरकारने पट्ट्यांचे नूतनीकरण केले, पण ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण न्यायालयाने रद्द केल्याने मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या.

बंदीचा खरा भार हप्ते फेडणाऱ्यांवर पडला. घराशेजारी ताडपत्री घालून उभ्या टिप्परच्या चाकांभोवती गवत वाढले. सरकारला कर्जदिलाशाची योजना काढावी लागली. चीनमधील भाव असोत की दिल्लीतील निकाल, डिचोलीच्या बाजारातली उधारी त्यावर ठरत होती आणि दोन्हींत गावाचा शब्द नव्हता.

डिसेंबर २०२२ मध्ये पट्ट्यांचा ई-लिलाव झाला. डिचोली आणि शिरगाव-मये हे त्यांपैकी पहिले. २०२४ मध्ये डिचोलीत काम पुन्हा सुरू झाले. दरम्यान बंद खाणींचे खड्डे पावसाच्या पाण्याने भरले होते. उन्हाळ्यात नदी आटली की ओपा येथील पाणीप्रकल्पासाठी यांपैकी काही खड्ड्यांतील पाणी उपसून खांडेपार नदीत सोडण्यात आले आहे.