काचपेटीतला अनोळखी मार्जारमीन

गोव्यातल्या दिवाडी बेटावरील आमच्या शेजाऱ्यांच्या काचपेटीतले गप्पी मासे गेल्या पावसाळ्यानंतर एकेक करून कमी होऊ लागले. मेलेला मासा कधी सापडला नाही, पाणीही स्वच्छ होते. एका रात्री उशिरा दिवा लावला, तेव्हा दगडाखालून बोटभर लांबीचा, काळपट पाठीचा आणि लांब मिशांचा एक मासा बाहेर आलेला दिसला. तो कोणी विकत आणल्याचे आठवत नव्हते. वर्षभरात पेटीत दोन वाटांनी मासे आले होते : काही दुकानातून, तर काही मुलांनी खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतल्या, मानशीजवळून (भरतीचे पाणी आत-बाहेर करणाऱ्या बांधातल्या दाराजवळून) बरणीत भरून आणलेली पिल्ले. त्यामुळे हा मासा परदेशातून आलेला आहे की बांधापलीकडचाच आहे, हा प्रश्न उभा राहिला आणि तो सोडवण्यासाठी त्यांनी मला बोलावले.

मिशांवरून हा मार्जारमीन, म्हणजे कॅटफिश, एवढे लगेच कळते. पण या गणात जगभरात तीन हजारांहून अधिक जाती आहेत. बाजारातला शिंगाळा आणि नदीतली शिंगटी याच गणातली. त्यांच्या मिशांवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, म्हणून अंधारात आणि गढूळ पाण्यातही त्यांना भक्ष्य सापडते. दिवसा दडून राहणारा असा मासा महिनोन्‌महिने घरच्यांच्या नजरेस पडत नाही, यात नवल नाही.

ओळख पटवताना बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते तिथेच चुकतात. मासा घाबरला, वाढला किंवा त्याच्याखालची वाळू बदलली, तरी रंग बदलतो. दुकानातल्या नावावरही फार विसंबू नये. पारदर्शक शरीराचा जो 'ग्लास कॅटफिश' जगभर विकला जातो, तो सुमारे 80 वर्षे दुसऱ्याच जातीच्या नावाने ओळखला जात होता. त्याला स्वतःचे शास्त्रीय नाव 2013 साली मिळाले. म्हणून आम्ही मासा काचेच्या अरुंद भांड्यात घेऊन त्याचे तोंड, मिशा आणि पर पाहिले. त्याला जाळीने धरणे टाळले, कारण या माशांच्या छातीजवळच्या परांचे काटे ताठ उभे राहून तसेच अडकून बसतात. ते जाळीत गुंततात आणि हाताला लागले तर चांगलेच ठणकतात.

तोंड समोर होते, काचेला चिकटणारे नव्हते. त्यामुळे 'सकर' म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा मासा बाद झाला. अंगावर हाडांच्या पट्ट्या नव्हत्या, म्हणजे तिथलाच कोरिडोरसही नव्हे. मिशांच्या जोड्या चार होत्या. दुकानात 'शार्क' म्हणून मिळणारा पंगासही खरे तर मार्जारमीनच, पण त्याला दोनच जोड्या असतात. चार जोड्या मागूर आणि सिंगी यांनाही असतात. मात्र मागुराचा पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत लांबतो, आणि सिंगीचा पर आखूड असला तरी त्याला काटा नसतो. आमच्या माशाचा पर आखूड होता, त्याला मजबूत काटा होता, आणि त्याच्या मागे वसापक्ष, म्हणजे चरबीचा छोटा मांसल पर, होता. ही लक्षणे एकत्र जुळतात ती मिस्टस या प्रजातीत, म्हणजे शिंगटीच्या घराण्यात.

या घराण्यातली एक जात मराठी वाचकाला विशेष आपली वाटावी. मुंबई सरकारच्या सेवेत असलेल्या कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना लोकांच्या तोंडचेच नाव घेतले, आणि 1839 पासून 'शिंगटी' हा शब्द 'सींगटी' या रूपाने लॅटिन नामावलीत आहे. या जातीचा वसापक्ष लांब असतो, पाठीवरच्या पराला लागूनच तो सुरू होतो. आमच्या माशाचा वसापक्ष मात्र अगदी छोटा आणि पाठीवरच्या परापासून बराच मागे होता. अंगावर पट्टे नव्हते, पोट रुपेरी होते आणि भिंगातून पाहता डोक्याची वरची बाजू दाणेदार दिसली. ही सगळी लक्षणे मिस्टस गुलिओ या जातीची आहेत. निसर्ग-अभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली गंगेच्या माशांबरोबर तिचे वर्णन केले होते. खाड्या आणि मचूळ पाणी हे तिचे घर. गोड्या पाण्यातही ती तग धरते. मानशीच्या दारातून भरतीचे पाणी आत येते तिथे तिचे पिल्लू बरणीत येणे अगदी स्वाभाविक होते.

घरच्यांनी लगेच विचारले की त्याला खाजनात सोडून द्यावे का. जात इथलीच असली तरी मी नको म्हटले. वर्षभर दुकानातल्या माशांबरोबर एकाच पाण्यात राहिलेला मासा त्यांचे परजीवी आणि रोगजंतू बाहेर नेऊ शकतो, आणि खाजनातल्या माशांचा त्यांच्याशी कधी संबंध आलेला नसतो. सकर किंवा आफ्रिकी मागूर निघाला असता, तर हा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती. सकर केरळपासून बंगालपर्यंतच्या पाण्यांत याच वाटेने पसरला आहे. आता या शिंगटीला वेगळी, मोठी पेटी मिळाली आहे, कारण ती वीतभर सहज वाढेल. पेटीत नारळाची करवंटी पालथी ठेवली आहे. दिवे मालवले की ती तिच्याखालून बाहेर येते आणि गांडुळाचे तुकडे खाते.