थ्रिलर वेगळा, रहस्यकथा वेगळी, किती वेळा सांगू

"थ्रिलर म्हणून दिलंस आणि खुनी तर पन्नासाव्या पानावरच कळला, काय रे हे!" असं म्हणत कोणी पुस्तक परत केलं की माझं डोकं फिरतं. उलटं पण असतंच. चांगली मुरलेली रहस्यकथा हातात द्यावी तर "खूप स्लो आहे, नुसते बसून बोलत असतात". अरे, पुस्तकं दोन्ही चांगली आहेत, तुम्ही एकाकडून दुसऱ्याचं काम मागताय. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जा नाहीतर मडगावच्या दुकानात, खुनाचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उचललं की कव्हरवर 'थ्रिलर' छापलेलं, कारण तो शब्द विकला जातो.

रहस्यकथा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. प्रेत सापडतं, पाच-सहा संशयित, एक हुशार माणूस प्रश्न विचारत फिरतो, शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून उलगडा करतो. आपली गडबड अशी की बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, जे काही घरातल्या जुन्या पेटीत सापडलं त्या सगळ्याला आपण सरसकट रहस्यकथाच म्हणत आलो, आणि त्यातला बराच माल, म्हणजे वेषांतर, पाठलाग, मारामारी, हा सरळसरळ थ्रिलर आहे.

बाकीचे फरक मी मोजतच नाही. रक्त जास्त की कमी, हेर की पोलीस, प्रकरणं छोटी की मोठी, हे सगळं दोन्हीकडे सापडतं.

खरा घोळ होतो तो एका नियमावरून, जो सगळे छातीठोकपणे सांगतात: खुनी माहीत नसेल तर रहस्यकथा, आधीच माहीत असेल तर थ्रिलर. ऐकायला बरोबर वाटतं पण दोन गाजलेली पुस्तकं घेतली की हा नियम दोन्ही बाजूंनी कोसळतो.

पहिलं फ्रेडरिक फोर्साइथचं 'द डे ऑफ द जॅकल', १९७१चं. (इथून पुढे थोडं फुटणार आहे, पण पन्नास वर्षं झाली, आता काय.) १९६३ साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी एका भाडोत्री मारेकऱ्याला दिलेली असते, आणि द गॉल तर १९७०मध्ये आपल्या घरी नैसर्गिकरीत्या गेले, म्हणजे पुस्तक आलं तेव्हाच प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं की हा कट फसणार. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. खोटा पासपोर्ट कसा काढायचा, बंदूक कशी बनवून घ्यायची, तिकडे लबेल नावाचा साधासा पोलीस अधिकारी एकेक धागा धरून मागावर, आणि आपण नुसते पुढे काय, पुढे काय करत राहतो. रायबंदरची फेरीबोट सुटताना कोणीतरी धावत येत असतो आणि आपल्याला काही घेणंदेणं नसताना आपण मान वळवून बघतोच ना, मिळते की नाही, तसं. आणि गंमत म्हणजे तो जॅकल खरा कोण होता हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही! म्हणजे वरच्या नियमाप्रमाणे ही रहस्यकथा व्हायला हवी. पण नाही, कारण तो कोण हा प्रश्न आपल्याला छळतच नाही.

दुसरं केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. जपानीत २००५मध्ये आलं, आपल्याकडेही खूप लोकांनी वाचलंय. इथे खून पहिल्याच प्रकरणात आपल्या डोळ्यांसमोर होतो, कोणी केला, का केला सगळं उघड, शेजारचा गणिताचा मास्तर ते निस्तरायला मदत करतो हेही उघड. आणि तरी ही शंभर टक्के रहस्यकथा आहे, कारण त्या मास्तरने नक्की काय केलं ते आपल्यापासून लपवलेलं असतं, आणि उलगडल्यावर परत मागे जाऊन बघितलं तर सगळं समोरच ठेवलेलं.

तर बघायचं ते हे की तुम्हाला वाचायला लावणारा प्रश्न कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहे. झालेल्या गोष्टीकडे असेल तर रहस्यकथा, होऊ घातलेल्या गोष्टीकडे असेल तर थ्रिलर. आणि यातूनच लेखकाची जबाबदारी बदलते. रहस्यकथेत त्याने सगळे धागेदोरे वाचकाला दाखवलेच पाहिजेत, लपवले तर ती फसवणूक. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वर ती फसवणूक आहे की नाही यावरून लोक अजून भांडतात. मी ख्रिस्तीच्या बाजूने, नीट वाचा, सगळं लिहिलंय तिने. थ्रिलरवाल्याला हे बंधन नाही, त्याला फक्त ताण ढिला होऊ द्यायचा नाही, आणि सत्तर पानं ढिली गेली तर शेवटचा ट्विस्ट कितीही भारी असो, माझ्या दृष्टीने पुस्तक फेल.

ट्विस्टचं तर मला आता अजीर्ण झालंय. हल्ली सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हणून येतं त्यात सांगणारी व्यक्ती दारू पिते, तिला नेमकी ती रात्र आठवत नाही, आणि मग शेवटच्या वीस पानांत सोयीस्कर आठवते. 'द गर्ल ऑन द ट्रेन' मी पूर्ण केलं ते केवळ हट्टाने. त्यापेक्षा गिलियन फ्लिनचं 'गॉन गर्ल' (२०१२) कितीतरी प्रामाणिक, बायको कुठे गेली हे कोडं ती अर्ध्यातच फोडून टाकते आणि उरलेलं अर्धं पुस्तक आता संशयात अडकलेला नवरा सुटतो कसा यावर चालवते. म्हणजे आधी रहस्यकथा, मग थ्रिलर, आणि मला दुसरा अर्धा जास्त आवडला. शेवट आवडला नाही म्हणणारे बरेच भेटतात, मला तो थंड, दुष्ट शेवटच बरोबर वाटतो.

आणि शेवटचं पान आधी वाचायची सवय असलेल्यांनी माझ्याकडून थ्रिलर खुशाल न्यावेत, काही बिघडत नाही. रहस्यकथा मात्र मी देणार नाही.