हेडफोन ॲम्प्लिफायरची शक्ती

हेडफोनच्या ड्रायव्हरला, म्हणजे ध्वनी निर्माण करणाऱ्या भागाला, ॲम्प्लिफायर जास्तीत जास्त जितकी विद्युत् शक्ती देऊ शकतो ती. ती मिलिवॉटमध्ये सांगतात. मात्र किती इंपीडन्सला, म्हणजे किती ओहमच्या संरोधाला ती मोजली हे सोबत दिलेले नसेल तर आकडा निरुपयोगी ठरतो. ‘३२ ओहमला ५०० मिलिवॉट’ असे लिहिलेला ॲम्प त्या भाराला ४ व्होल्ट व १२५ मिलिअँपिअर देत असतो. व्होल्टेजची मर्यादा तीच राहिली, तर ३०० ओहमच्या हेडफोनला त्याच्याकडून जेमतेम ५३ मिलिवॉट मिळतात.

गरज किती, हे हेडफोनच्या संवेदनशीलतेवर, म्हणजे ठरावीक संकेताला तो किती मोठा आवाज देतो यावर, ठरते. काही उत्पादक ती १ मिलिवॉटला किती डेसिबेल अशी देतात, काही १ व्होल्टला. हे दोन आकडे थेट ताडून पाहणे ही खरेदीतली सर्रास होणारी चूक आहे. १००० ला इंपीडन्सने भागून येणाऱ्या संख्येचा (१० पायाचा) लॉगरिदम दहाने गुणावा आणि मिलिवॉटच्या आकड्यात मिळवावा, की व्होल्टचा आकडा मिळतो. संगीतातील क्षणिक शिखरे ११० डेसिबेलपर्यंत विरूपणाविना पोचावीत असे धरले, तर सेनहायझर एचडी ६५० ला (३०० ओहम, १ व्होल्टला १०३ डेसिबेल) सुमारे २.२ व्होल्ट, १७ मिलिवॉट आणि ७.५ मिलिअँपिअर लागतात. हायफायमॅन एचई-६ या प्लॅनर, म्हणजे चुंबकांमधल्या सपाट पडद्याच्या, हेडफोनला (५० ओहम, १ मिलिवॉटला ८३.५ डेसिबेल) तेवढ्याच आवाजासाठी ४.७ व्होल्ट, ४५० मिलिवॉट आणि ९५ मिलिअँपिअर. जास्त ओहम म्हणजे चालवायला अवघड, हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे: जास्त इंपीडन्सला व्होल्टेज लागते, कमी संवेदनशीलतेला शक्ती. ११० डेसिबेल हा अर्थात शिखरांचा हिशेब आहे. सरासरी पातळी आठवड्याला ४० तास ८० डेसिबेलपुढे जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे.

शक्ती अपुरी पडली की तरंगाची टोके छाटली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. उच्च इंपीडन्सच्या हेडफोनवर व्होल्टेज आधी संपते, कमी इंपीडन्सच्या हेडफोनवर करंट. ढोलाच्या थापेची धार बोथट होणे, खर्जातील मोठ्या स्वराबरोबर गाणाऱ्याचा आवाज खरखरणे, ही त्याची लक्षणे. क्लिपिंग होत नसेल, तर वरची राखीव शक्ती ध्वनीत काही भर घालते का, यावर एकमत नाही. राखीव शक्तीमुळे खर्ज ‘आवळला’ जातो असे अनेक श्रोते सांगतात. तथापि अशा तुलनांत दोन ॲम्पची पातळी व्होल्टमीटरने ०.१ डेसिबेलच्या आत जुळवलेली क्वचितच असते, आणि किंचित मोठा आवाज कानाला हमखास सरस वाटतो. ऐकू येणारा फरक खरा असेल तेव्हा त्याचे कारण वॉटपेक्षा बहुधा ॲम्पच्या निर्गम इंपीडन्समध्ये, म्हणजे हेडफोनकडे जाणाऱ्या टोकाच्या स्वतःच्या संरोधात, सापडते.

निर्गम इंपीडन्स आणि हेडफोनचा इंपीडन्स मिळून व्होल्टेजचे विभाजन करतात. हेडफोनचा इंपीडन्स सर्व वारंवारतांना सारखा नसेल, तर विभाजनही सारखे राहत नाही. नाममात्र ३०० ओहमचा ड्रायव्हर खर्जात ५०० ओहमपर्यंत चढत असेल आणि ॲम्पचा निर्गम इंपीडन्स १२० ओहम असेल, तर खर्ज सुमारे १ डेसिबेलने उचलला जातो. बॅलन्स्ड आर्मेचर (छोट्या हलत्या पात्याच्या ड्रायव्हरच्या) इअरफोनचा इंपीडन्स ४० वरून ५ ओहमवर उतरत असेल, तर नुसत्या १० ओहमनेही ७.६ डेसिबेलचा उतार तयार होतो. तो इअरफोन मग वेगळाच वाटतो. प्लॅनर ड्रायव्हरचा इंपीडन्स जवळपास सपाट असल्याने तेथे फक्त पातळी घटते. निर्गम इंपीडन्स हेडफोनच्या किमान इंपीडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी ठेवला, तर चढउतार सुमारे १ डेसिबेलच्या आत राहतो.

निर्गम इंपीडन्ससाठी १२० ओहम हा आकडा आला कोठून, याविषयी मतभेद आहेत. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या ६१९३८ या १९९६ च्या मानकात तो आढळतो. प्रथा त्याआधीची असावी. लाउडस्पीकरच्या ॲम्पमधून मालिका-रोधक लावून हेडफोनची जोडणी काढताना शॉर्ट सर्किटपासून संरक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू काही जण मानतात. शक्तीचे समान वाटप हा हेतू अधिक पटण्याजोगा वाटतो. ५ व्होल्ट व १२० ओहमच्या स्रोतातून ३२ ओहमला ३५, १२० ओहमला ५२, ३०० ओहमला ४३ आणि ६०० ओहमला २९ मिलिवॉट मिळतात. इतक्या भिन्न भारांवर फरक ३ डेसिबेलच्या आत राहतो, आणि हे केवळ संरक्षणासाठी निवडलेल्या रोधकातून आपोआप साधले असेल असे वाटत नाही. कमी इंपीडन्सच्या इअरफोनना मात्र ही रचना मानवत नाही.

निर्गमात कॅपॅसिटर असलेल्या ॲम्पमध्ये आणखी एक अडचण येते. २२० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३०० ओहमला २.४ हर्ट्झखालचे स्वर कापतो, १६ ओहमला मात्र ४५ हर्ट्झपासूनच. तेथे खर्ज पातळ होतो.

जादा शक्तीचा तोटा गोंगाटात दिसतो. ॲम्पचा गोंगाट १० मायक्रोव्होल्ट असेल, तर एचडी ६५० वर तो ३ डेसिबेल, म्हणजे ऐकूच येत नाही. १६ ओहम व १ मिलिवॉटला ११० डेसिबेलच्या इअरफोनवर तोच गोंगाट २८ डेसिबेल होतो आणि शांत खोलीत सळसळ जाणवते. गेन, म्हणजे संकेत किती पट वाढवला जातो ते प्रमाण, जास्त असला तर व्हॉल्यूमचा नॉब अगदी खालीच ठेवावा लागतो. तेथे साध्या पोटेन्शिओमीटरच्या (नॉबमागच्या बदलत्या रोधकाच्या) डाव्या-उजव्या बाजू जुळत नाहीत. अशा वेळी गेन ‘लो’वर ठेवावा. बॅलन्स्ड जोडणीत (ड्रायव्हरच्या दोन्ही तारांना परस्परविरुद्ध संकेत देणाऱ्या) कमाल व्होल्टेज दुप्पट होते, पण निर्गम इंपीडन्सही सहसा दुप्पट होतो.

गरज मोजण्यासाठी आपल्याला लागतो तेवढ्या मोठ्यात मोठ्या आवाजावर नॉब ठेवावा, हेडफोन काढावा आणि ६० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा साइन स्वर वाजवून जॅकवर एसी व्होल्टेज घ्यावे. १ किलोहर्ट्झचा स्वर टाळावा, कारण स्वस्त मल्टिमीटर त्या वारंवारतेला चुकीचा आकडा दाखवू शकतात. मिळालेल्या व्होल्टेजच्या वर्गाला इंपीडन्सने भागले की लागणारी शक्ती वॉटमध्ये मिळते. १.५ व्होल्ट व ३०० ओहम असल्यास ती ७.५ मिलिवॉट येते.

इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युत्भारित पातळ पडदा हलवणाऱ्या) हेडफोनना हा हिशेब लागू पडत नाही. त्यांना पडद्यावर स्थिर बायस, म्हणजे कायमचे व्होल्टेज, (स्टॅक्स कंपनीच्या ‘प्रो’ मालिकेत ५८० व्होल्ट) आणि शेकडो व्होल्टचा संकेत देणारा स्वतंत्र ॲम्प लागतो.